बाईंची काळी चार

बाईंना गर्व रूपाचा नव्हता. आरशाशी त्यांचं फार पूर्वीच स्पष्ट बोलणं झालेलं होतं. गर्व होता तो पट्टीचा. पियानोवर काळ्या पट्ट्या मोजत गेलं की चौथी येते ती काळी चार. तिथून बाईंनी विशीत आपलं गाणं उचललं आणि साठी ओलांडली तरी तिथूनच उचलत होत्या. बाकीच्या गायिका वय झालं की हळूच एक पट्टी खाली सरकतात, मग अजून एक, आणि विचारलं तर ‘आज जरा घसा बसलाय’ म्हणतात. अशा एखादीबद्दल बोलताना बाई आवाज इतका खाली आणायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, दवाखान्यातली बातमी आहे. “उतरली हो बिचारी,” म्हणायच्या, “पांढरी चारवर आली.” आणि रोज संध्याकाळी हॉटेलच्या दिवाणखान्यात गायला उभ्या राहिल्या, की पियानोवाल्याच्या खांद्यावरून वाकून बघायच्या, बोट काळी चारवरच पडतंय ना.

पडत होतं. बोट अगदी इमानदारीने काळी चारवरच पडत होतं. बेइमान झाला होता तो पियानो. आणि पियानोला फितवणारा माणूस बाईंच्याच घरात, बाईंच्याच पलंगावर, बाईंच्याच उशीवर अतिक्रमण करून घोरत होता.

त्या माणसाला गावात किल्लीवाला म्हणत. कुलपाच्या किल्ल्यांचा आणि त्याचा संबंध एवढाच, की घराची किल्ली तो नेहमी हरवायचा. त्याच्याकडे असायची ती पियानोच्या तारा ताणायची लोखंडी किल्ली. पियानो सुरात लावणं हा त्याचा धंदा. बायकोला घाबरणं हा त्याचा दुसरा धंदा, आणि त्यातही तो तरबेज होता.

बाईंचा जन्म कपडे धुण्याच्या कारखान्यात झाला म्हटलं तरी चालेल. आईची लॉन्ड्री होती, मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत यंत्रं. यंत्रं सुरू असली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. घरातली बाकीची पोरं खाणाखुणा करायला शिकली, ही मात्र यंत्राच्या वर आवाज काढायला शिकली. मामा तिला ‘भोंगा’ म्हणायचा. “भोंग्याला गप्प करा रे,” तो ओरडायचा, आणि तेही कुणाला ऐकू यायचं नाही, कारण भोंगा चालू असायचा.

हॉटेलचे टेबलक्लॉथ या लॉन्ड्रीत यायचे. एके दुपारी इस्त्री केलेला गठ्ठा घेऊन ती मागच्या दाराने आत गेली, तर दिवाणखान्यात तालीम अडलेली. तिथली गायिका हॉटेलच्या केक बनवणाऱ्याबरोबर पळून गेली होती. त्या दोघांचं पुढे फार छान चाललं. तो केक अजून बरा करायला लागला आणि तिने गाणं सोडलं, त्यामुळे दोन्हीकडून लोकांचं भलंच झालं. पण त्या दुपारी पियानोवाला एकटाच गाण्याच्या त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा वाजवत होता. हा माणूस इतका कमी बोलायचा, की त्याला सगळे ‘मुका’ म्हणत.

गठ्ठा खाली ठेवत पोरगी म्हणाली, “तुम्ही तिथे रेंगाळता ना, म्हणून अडतंय. श्वास घ्यायला जागा कुठे ठेवलीय?”

मुक्याने वळून पाहिलं. सॅक्सोफोनवाल्याने तोंडातून वाद्य काढलं आणि तो हसत सुटला. याला ‘दमेकरी’ म्हणायचे, कारण जिना चढला की धापा टाकायचा. पण सॅक्सोफोन तोंडात धरला, की समोरचा चहा थंड होईपर्यंत एकच सूर सोडायचा नाही.

“मग तूच दाखव की श्वास घेऊन,” दमेकरी म्हणाला.

तिने दाखवला. त्या संध्याकाळपासून ती तिथे गायला लागली.

आता गायला उभं राहायचं तर गाऊन हवा. लॉन्ड्रीत कुणा गिऱ्हाइकाने कधीच परत न नेलेला एक निळा रेशमी गाऊन टांगलेला होता. आईने तो चार टाके घालून लेकीच्या अंगाबरोबर केला. सगळं झकास चाललं होतं, आणि एके दिवशी गाऊनची मालकीणच पहिल्या टेबलावर येऊन बसली. तिने गाऊन ओळखला. गाणारीने तिचं ओळखणं ओळखलं. गाणं संपेपर्यंत दोघींनी एकमेकींवरची नजर काढली नाही. शेवटी मालकीण उठून जवळ आली आणि म्हणाली, “राहू दे तुलाच. मी घातला होता तेव्हा कुणी एक टाळी वाजवली नव्हती.”

त्यानंतर बाईंनी गाऊन खूप बदलले, पण आयुष्यात कधी आपला गाऊन दुसऱ्याला इस्त्री करू दिला नाही. इस्त्री हातात घेतली की त्यांचं डोकं शांत व्हायचं. घरातले लोक महत्त्वाचं काही सांगायचं तर हा मुहूर्त धरायचे. हे लक्षात ठेवा.

कीर्ती म्हणाल तर आली, पण आपल्या सोयीने आली. बाईंची एक तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला मुक्याने बांधलेलं ‘खिडकीतला दिवा’ हे गाणं. दुसऱ्या बाजूला काय होतं हे बाईंनाही आठवत नसे. त्या गाण्याच्या शेवटी आवाज पायरी पायरी चढत जातो आणि एका सुरावर जाऊन उभा राहतो. त्या सुराला बँडवाले ‘शेंडा’ म्हणत. लोक जेवण अर्धं टाकून शेंड्याची वाट बघत. बाई जगाला मात्र ठाऊक होत्या त्या एका दंतमंजनाच्या जाहिरातीमुळे. रेडिओवर त्यांनी ती अर्ध्या मिनिटात गायली आणि सगळ्या गावाने ती जन्मभर गायली. भाजी घेताना भाजीवाला विचारायचा, “तुम्हीच ना त्या, दात चमकवणाऱ्या?” बाई म्हणायच्या, “हो, आणि तुमची कोबी किडकी आहे.”

लग्नाचं म्हणाल, तर त्याला गप्प बसणं कारण झालं. किल्लीवाला तेव्हा नुकताच धंद्याला लागलेला, हॉटेलचा पियानो लावायला आला. बाई बाजूला उभ्या राहून दमेकऱ्याशी तावातावाने बोलत होत्या. किल्लीवाल्याने पियानोत घातलेलं डोकं न काढताच सांगितलं, “जरा शांत राहाल का? मला तार ऐकू येत नाहीये.”

भोंग्याला असं तोवर कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असलं तरी ऐकू आलं नव्हतं. बाई गप्प झाल्या. काम संपेपर्यंत खुर्चीवर बसून राहिल्या आणि एकेक तार सुरात येताना बघत राहिल्या. दमेकरी पुढे सगळ्यांना सांगायचा, “ती गप्प बसली, तेव्हाच मी ओळखलं, हे प्रकरण लग्नापर्यंत जाणार.”

लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन शाळेत शिकवायला लागली. बाई गात होत्या. आणि मग, पन्नाशी उलटल्यावर, एका संध्याकाळी शेंडा फाटला.

फार नाही फाटला. कापड खिळ्याला अडकून एक धागा निघावा, तेवढाच. बाहेरच्या कुणाला कळलंही नसेल. पण घरी आल्यावर बाईंनी बूट काढले, जेवायला नको म्हटलं आणि किल्लीवाल्याला शांतपणे सांगितलं, “ऐका. ज्या दिवशी काळी चारवरून शेंडा लागणार नाही, त्या दिवशी माझं गाणं संपलं. मग हॉटेलात नाही, घरात नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही.”

बाई बोलल्या की बोलल्या. केक बनवणाऱ्याच्या बायकोला त्या एकदा रागाने म्हणाल्या होत्या, तुझ्या घरचा केक खाणार नाही, तर खरोखर त्यानंतर मुलीच्या वाढदिवसालासुद्धा घरात बिस्किटं आली. हे घर बाईंच्या आवाजावर उभं होतं. भाजी चिरताना गाणं, भांडण संपल्याची खूण म्हणून गाणं, किल्लीवाल्याची घराची किल्ली हरवली की तिसऱ्या मजल्यावरून त्याच्या अब्रूचं गाणं. ते थांबलं, तर मागे उरतो फक्त नळाचा आवाज. तो त्याने कल्पनेत ऐकून पाहिला आणि त्याला झोप लागेना.

योगायोगाने त्याच सुमारास हॉटेलला रंग द्यायला काढला. दिवाणखाना बंद, गाणं बंद. पियानोवर चादर टाकलेली. किल्लीवाला चादरीखाली शिरला आणि त्याने एकूण एक तार सारखीच सैल केली. सगळा पियानो अर्ध्या पट्टीने खाली उतरवला. बोट पडणार काळी चारवर आणि सूर निघणार शेजारच्या पांढरी पाचचा.

मुक्याला सांगावं लागलं. मुका म्हणाला, “बरं.” त्या वर्षातलं त्याचं ते सगळ्यात लांब भाषण. बासवाल्याने आपल्या तारा सैल केल्या. ड्रमवाला म्हणाला, “मला कसली आलीय पट्टी?” खरा बोंबलला तो दमेकरी.

“अरे लेका, तुझ्याकडे किल्ली आहे, पिळलीस की झालं. माझा सॅक्सोफोन काय पिळू? मला जन्मभराच्या सगळ्या गाण्यांत बोटं दुसरीकडे टाकायची!”

“टाकशील ना?”

“टाकीन. पण बायको तुझी आणि घाम माझा, हे लक्षात ठेव.”

रंगकाम संपलं. बाई गायल्या. शेंडा लागला, लख्ख. घरी येताना बाई पायऱ्या चढता चढता म्हणाल्या, “विश्रांतीने घसा सुधारला बघा.”

काही वर्षांनी बाईंना मोठा खोकला झाला, महिनाभर गाणं बंद. किल्लीवाल्याने पियानो पुन्हा तेवढाच खाली नेला. आता बोट काळी चारवर आणि सूर काळी तीनचा. दमेकऱ्याने त्याच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं आणि मग पुन्हा बोटं हलवली. एकदा कुणी पाहुणा व्हायोलिनवाला हॉटेलात आला, पियानोचे दोन सूर ऐकून म्हणाला, “तुमचा पियानो आजारी आहे काय?” मॅनेजरने त्याला घाईघाईने जेवायला बसवलं.

एकच धोका राहिला होता, घरची तबकडी. तिच्यात खरी काळी चार होती. किल्लीवाल्याने रेकॉर्ड प्लेअर उघडून त्याचा वेगच कमी केला. तबकडी हळू फिरायला लागली, सूर खाली आला. बाईंनी एकदा ती लावून मन लावून ऐकली. किल्लीवाला श्वास रोखून दाराआड उभा. बाई म्हणाल्या, “काय भारदस्त आवाज होता हो माझा त्या वयात!”

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग गावच्या मोठ्या नाट्यगृहातून बोलावणं आलं. नाट्यगृहाचा वर्धापनदिन, गावातल्या जुन्या गायकांचा सन्मान, मागे मोठा वाद्यवृंद, आणि बाईंनी ‘खिडकीतला दिवा’ गायचं. काळी चारवरून. वाद्यवृंदाच्या संचालकाने मुद्दाम कळवलं होतं, मूळ पट्टीत.

बाई लहान मुलीसारख्या घरभर फिरल्या. किल्लीवाला मात्र सोफ्यावर बसला तो उठेना. हॉटेलच्या पियानोची गोष्ट वेगळी, तो घरचा. नाट्यगृहातला पियानो खरा, वाद्यवृंद खरा, आणि तिथला शेंडा पुऱ्या दोन पायऱ्या वर. भरल्या सभागृहात आवाज फाटणार, आणि बाई बोलल्या की बोलल्या.

तो किल्ली घेऊन नाट्यगृहात गेला. तिथला पियानो एक करारी बाई सांभाळायची. तिने त्याला झाकणाला हातही लावू दिला नाही.

“नुसता बघतो हो,” तो म्हणाला.

“डोळ्यांनी बघा,” ती म्हणाली, “किल्ली बाहेर ठेवून.”

दमेकऱ्याने निर्वाणीचा सल्ला दिला. “तू सांगतोस, की मी फुंकू?”

मुलीनेही तेच सांगितलं. “बाबा, स्टेजवर कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.”

“घरात इस्त्री असते गं,” किल्लीवाला म्हणाला.

पण इस्त्रीचाच मुहूर्त धरावा लागला. बाई नव्या गाऊनच्या बाहीवर इस्त्री फिरवत होत्या. किल्लीवाल्याने टेबलाच्या पलीकडे, हात पोहोचणार नाही असा उभा राहून सगळं सांगितलं. रंगकाम सांगितलं, खोकला सांगितला, तबकडीसुद्धा सांगितली.

इस्त्री थांबली. कापडाचा जरा वास यायला लागला, तेव्हा बाईंनी ती उचलून उभी ठेवली.

“कुणाकुणाला ठाऊक आहे?”

“बँडला.”

“अजून?”

“मॅनेजरला.”

“अजून?”

“वाढप्यांना, थोडंसं.”

“थोडंसं म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांना.”

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी खिडकीबाहेर फार महत्त्वाचं काही बघत होती.

“म्हणजे या गावात काळी चार कुठे आहे, हे फक्त मला ठाऊक नव्हतं,” बाई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर किल्लीवाल्याला बरं वाटलं असतं. त्यांनी त्याच्या खणातून सूर तपासायचा काटा काढला, तो दोन बोटांचा पोलादी काटा, जो गुडघ्यावर आपटला की एकच खरा सूर देतो. तो पर्समध्ये टाकून त्या बाहेर पडल्या.

किल्लीवाला मागोमाग गेला, पण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने. हॉटेलात दुपारची सामसूम होती. वाढपी काचा पुसत होते. बाई आत शिरल्या तशी त्यांनी फडकी गोळा केली आणि ते स्वयंपाकघरात पळाले. किल्लीवाला दाराबाहेर उभा राहिला.

आत काटा वाजला. मग पियानोवरचा तोच सूर वाजला, आणि तो कुठे तळघरात. मग पुन्हा काटा, पुन्हा पियानो. बाई हिशोब पटवून घेत होत्या. मग त्यांनी काट्यावरून खरी काळी चार धरली आणि गाणं सुरू केलं, एकटीनेच. शेवटच्या पायऱ्या आल्या. शेंडा फाटला. त्यांनी परत घेतला. परत फाटला, जास्त.

मग काहीच ऐकू येईना.

किल्लीवाल्याने डोकं दाराला टेकलं. झालं, त्याला वाटलं. नळाचा आवाज. तो आत जाणार तेवढ्यात त्याला पावलं ऐकू आली. मुका स्वयंपाकघराच्या बाजूने येऊन पियानोपाशी बसला होता. त्या वेळी तो तिथे काय करत होता कोण जाणे; लोक म्हणतात तो दुपारचा तिथेच झोपायचा.

“तूसुद्धा,” बाई त्याला म्हणाल्या.

“हो,” मुका म्हणाला.

“इतकी वर्षं?”

मुक्याने गाणं वाजवायला घेतलं, पण काळी चारवर बोट ठेवलंच नाही. तो आणखी खाली गेला, बाईंनी पूर्वी नावं ठेवली असती इतका खाली, आणि अगदी सावकाश. बाई बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी पहिली ओळ म्हटली. दाराबाहेर किल्लीवाल्याचे कान टवकारले. हा आवाज त्याने घरात ऐकला होता, मुलगी तापाने फणफणली असताना तिच्या उशाशी, हलक्या सुरात. लोकांसमोर कधीच नाही. त्यात यंत्रांच्या वर जायची घाई नव्हती. शब्द कळत होते. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा उमगलं, की गाण्यातली बाई खिडकीत दिवा लावते ती कुणाची वाट बघत नाहीये, ती जाणाऱ्याला उजेड दाखवतेय.

शेवटाला आल्यावर बाई थांबल्या. “इथे वर कशाला जायचं रे?” त्यांनी मुक्याला विचारलं. “दिवा खिडकीत आहे ना? छपरावर थोडाच आहे?”

“मी तेव्हाच म्हणणार होतो,” मुका म्हणाला.

“मग का नाही म्हणालास?”

“तुम्ही बोलू कुठे दिलंत?”

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहातल्या तालमीला बाई मुक्याला आणि दमेकऱ्याला घेऊनच गेल्या आणि संचालकाला म्हणाल्या, “पांढरी चार.”

संचालकाने कपाळाला हात लावला. “बाई, सगळ्या वाद्यांचे सूर कागदावर लिहून झालेत हो. मूळ पट्टीत.”

“मूळ पट्टीतली बाई आता मिळत नाही,” बाई म्हणाल्या. “कागद पुन्हा लिहा. हा दमेकरी मदत करेल, त्याला पट्टी बदलायची फार सवय आहे.”

दमेकरी लाजला. आयुष्यात पहिल्यांदाच.

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलं होतं. हॉटेलची जुनी गिऱ्हाइकं, केक बनवणारा आणि त्याची बायको, शाळेतल्या मास्तरणी, तो भाजीवालासुद्धा. किल्लीवाला शेवटच्या रांगेत, बाहेर जायच्या दाराजवळ. घरात अजून त्याच्याशी बोलणं सुरू झालं नव्हतं. जेवण वाढलं जात होतं, पण भांडी जरा जोरात ठेवली जात होती.

बाई तो नवा, पण निळाच गाऊन घालून आल्या आणि गायच्या आधी बोलल्या.

“लोकांचे नवरे बायकांना चंद्र तोडून आणून द्यायच्या बाता मारतात. माझा नवरा मी उंच दिसावं म्हणून गुपचूप जमीन खणत बसला. बारा महिने, तेरा काळ. अख्खा पियानो त्याने खाली नेला, आणि मी वर वर बघत चालले होते. तेव्हा मायबाप हो, आज मी काळी चारवरून गाणार नाही. पांढरी चारवरून गाते. उतरले हो बिचारी!”

हशा पिकला. शेवटच्या रांगेत किल्लीवाला खुर्चीत इतका खाली सरकला, की फक्त टक्कल उरलं.

मग त्या गायल्या. शेवटच्या पायऱ्या आल्या. तिसऱ्या रांगेत हॉटेलचं एक जुनं गिऱ्हाईक बसलं होतं. शेंड्याला पहिली टाळी आपली, हा त्याचा वर्षानुवर्षांचा मान. त्याने सवयीने दोन्ही हात वर घेतले. बाई अर्ध्या पायऱ्या चढल्या, थांबल्या, त्याच्याकडे बघून हसल्या, आणि तिथून सावकाश खाली उतरत गेल्या, तळाशी, जिथे पियानोवर बसलेल्या मुक्याचा एकच सूर त्यांची वाट बघत होता. त्या माणसाचे हात तसेच हवेत राहिले. टाळी वाजवायची हे त्याला सगळ्यात शेवटी आठवलं.

घरी परतताना बाई किल्लीवाल्याशी पहिलं वाक्य बोलल्या. “हॉटेलचा पियानो वर आणायचा. उद्यापासून.”

“अगं, जुन्या तारा आहेत त्या. एकदम ताणल्या तर तुटतील.”

“हळूहळू ताणा. मला घाई नाही. आणि तो रेकॉर्ड प्लेअर आधी.”

रेकॉर्ड प्लेअरचं काम चहा उकळेपर्यंत झालं. तबकडी खऱ्या वेगाने फिरली आणि विशीतला आवाज खोलीभर खणखणला. बाईंनी कान दिला. “किती ओरडत होते हो मी,” त्या म्हणाल्या. “कुणी सांगितलं नाही?”

“मी सांगितलं होतं एकदा,” किल्लीवाला म्हणाला. “तेव्हा तू लग्न केलंस.”

पियानोला वेळ लागला. रोज दुपारी किल्लीवाला तारा थोड्या थोड्या चढवायचा आणि बाई त्याच खुर्चीवर गुडघ्यावर काटा आपटत बसायच्या. “अजून,” म्हणायच्या. अधूनमधून फाडकन एखादी तार तुटायची, किल्लीवाला उडी मारायचा आणि बाई खळखळून हसायच्या. बँड कोपऱ्यात चहा पीत तमाशा बघायचा.

“म्हणजे आता पियानो वर आला,” दमेकरी बोटांवर मोजत म्हणाला, “पण गाणं पांढरी चारवर. मग माझी बोटं?”

“पुन्हा दुसरीकडे,” बाई म्हणाल्या.

दमेकऱ्याने सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला आणि मुक्याकडे आशेने पाहिलं. मुका आपल्या नव्या गाण्याची पहिली ओळ वाजवून बघत होता. ती पांढरी चारच्याही खालून सुरू होत होती.